विचलित कोण, असं विचारणाऱ्या कोकरे बाई

कोकरे बाई गेल्याचं मला इंदापूरच्या स्टँडवर कळलं. बारामतीची गाडी लागायची होती, म्हणून समोरच्या बूथवरून घरी सहज फोन लावला, तर बायको म्हणाली, "बाई गेल्या हो... सकाळीच." गाडी लागली, सुटली, मी तिथेच उभा. पुढे शोकसभेत त्यांना 'मनमिळाऊ' म्हटलं गेलं. त्याला महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही. बाई मनमिळाऊ नव्हत्या. आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, मग बारामतीच्या त्याच कॉलेजात समाजशास्त्र विभागात सहकारी. कुणाचं मन राखायला त्या एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

बाई कऱ्हाटीच्या. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. लहानपणी सुट्टीत त्याही कळपामागे हिंडलेल्या. वडिलांनी शेती धरली, बाईंनी पुस्तकं. मुंबई पेटली त्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिसऱ्या वर्षाला 'सामाजिक विचलन', म्हणजे माणूस समाजाचे नियम का मोडतो ते, शिकवत होतो. पुस्तकात दंगलीची उत्तरं तयार होती... शहरात जुने नियम सैल होतात, हवं ते सरळ मार्गाने मिळेना की माणूस आडमार्गाला लागतो, वाईट संगतीत तेच शिकतो. मी ते फळ्यावर मोठ्या झोकात मांडलं. बाई मागे बसून ऐकत होत्या. तास संपता संपता उठल्या आणि म्हणाल्या, "दगड मारून आलेल्याला त्याच्या गल्लीनं चहा पाजला. शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्याशी तीच गल्ली बोलेनाशी झाली. मग सांगा, गल्लीचा नियम मोडला कुणी? विचलित कोण?" नियम मोडणाऱ्यांचं शास्त्र आम्ही नियम पाळणाऱ्या झुंडीला लावत होतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि मग दत्ता आला. पणदऱ्याचा हा आमचा विद्यार्थी दुसरं वर्ष संपवून कामासाठी मुंबईला मामाकडे गेला होता. दंगलीच्या धरपकडीत सापडला, काही दिवस कोठडीत राहिला, काहीच निघालं नाही म्हणून सुटला. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायला आला तेव्हा कॉलेजभर त्याचं नाव 'दंगलखोर' पडलेलं. संस्थेची बैठक बसली. तिथले एक वजनदार पदाधिकारी, सगळे त्यांना आबा म्हणत, बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, संगतीनं माणूस बिघडतो, आसं तुमचंच शास्त्र सांगतंय न्हवं? ह्यो हितं आला की आनखी चार पोरं बिघडवंल."

रागावल्या की बाईंची भाषा थेट कऱ्हाटीला जायची. "आबा, मी मेंढरं राखल्यात. कळप उभ्या पिकात घुसला की रानमालक काठी घिऊन धावतोय. खाल्ल्याली मेंढरं कवाच पळाल्याली असत्यात. कोंडवाड्यात जातंय ते लंगडं. ह्या पोराला मुंबईत कुठं पळायचं त्येबी ठावं न्हवतं, म्हणून ह्यो घावला. आन् त्या लंगड्याकडं बघून तुमी समद्या कळपाचं शास्त्र सांगताय व्हय?"

प्रवेश नाकारला गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दत्ताला विभागात बोलावलं. तो दारातच घुटमळला. "बाई, तुमास्नी तरास हुईल."

"हुऊ दे. तू तासाला यायचं."

वर्षभर तो बाईंच्या तासाला बसला. हजेरीत नाव नाही, ओळखपत्र नाही. प्राचार्यांचा निरोप आला, त्यावर बाईंचं उत्तर होतं, "उचलून न्यायचा असेल तर शिपाई पाठवा." शिपाई खरंच आला, दाराशी उभा राहून सगळा तास ऐकला आणि परत गेला. बाईंचं विभागप्रमुखपद गेलं. त्या एकदाही त्याबद्दल बोलल्या नाहीत, मात्र आबा समोर आले की आपणहून नमस्कार करायच्या, मोठ्या आवाजात, आबांनाच अवघडल्यासारखं होईल असा. दत्ता बाहेरून परीक्षेला बसला, पास झाला, आज शाळेत शिकवतो. बाईंना खांदा द्यायला तो सगळ्यात पुढे होता. शोकसभेत मात्र 'वेळेअभावी' त्याला बोलू दिलं नाही. आबा अर्धा तास बोलले.

मला बाईंची आठवण येते, खूप येते, पण हळवं व्हायला सवड नाही. त्या गेल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यात इंदापूरला रास्ता रोको झाला, एसटीच्या काचा फुटल्या, आणि पोलिसांनी धरलेल्यांत आमच्या तिसऱ्या वर्षाचा सलीम निघाला. तो त्या फुटक्या गाडीतून नुसता उतरत होता. सुटून आला तर कॉलेजने त्याला निलंबित केलं. आता तो रोज माझ्या तासाला बसतो.

परवा प्राचार्य दारात आले. वर्गावरून नजर फिरवून म्हणाले, "सर, हा इथे कसा?"

मी खडू खाली ठेवला नाही. "विचलन शिकवतोय," मी म्हणालो. "पुढे एक जागा आहे. या, बसा."