कर्जतला समुद्र नाही म्हणून

घाटावरच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात टंचाई पाण्याची असायची, हवामानतज्ज्ञांची कधीच नाही. त्यातले सर्वांत थोर म्हणजे माझे चुलतसासरे. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलंय, उद्या दुपारी आपल्याकडंही जोराचा वारा सुटेल, असा इशारा तालुक्याहून आला. मी गावातल्या शाळेत शिक्षिका, म्हणून तो समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. मी सांगितलं, तापलेल्या समुद्रावरची हवा वर चढते, भोवतालची हवा गरगरत आत घुसते. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो, तरी पत्रे उडवण्याइतका उरतो.

चुलतसासरे तंबाखू मळत म्हणाले, "सूनबाई, समुद्र कुठं, कर्जत कुठं? वादळाला काय एस्टीचा पास दिलाय व्हय?"

गाव पोट धरून हसलं. मी नेटानं सूचना वाचत राहिले. झाडाखाली थांबू नका, मोबाईल चार्ज करून ठेवा, पक्क्या घरात राहा.

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. शेतमजुरी करणारी, गावाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत सासू आणि दोन मुलींसोबत राहणारी. "बाई, पक्कं घरच नसंल तर आमी कुठं ऱ्हायाचं?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. सूचना लिहिणारे साहेब बहुधा स्लॅबखाली बसले असावेत.

"शाळेत या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. सासू, मुली, पिठाचा डबा आणि दोन शेळ्या. मागोमाग आणखी चार घरांतल्या बायका-मुली आल्या. वारा सुटला तशी आवारातली निलगिरी कडाडून मोडली. मुली मला बिलगल्या. शेळ्यांनी मात्र शांतपणे पाढ्यांचा तक्ता खाल्ला. आमच्या शाळेत पाढे इतके कुणालाच पचले नव्हते.

अचानक दारावर धडाधड थापा पडल्या. उघडलं, तर चुलतसासरे! एकाच पायात चप्पल, अंग लटलट कापतंय. लिंबाखाली उभं राहून ते वादळाचा व्हिडिओ काढत होते. शेजारी फांदी कोसळली, तेव्हा त्यांचा विज्ञानावर विश्वास बसला.

त्या बाईनं त्यांच्या अंगावर गोधडी टाकली. "बसा मामा. समद्या बायाच हायेत, कुनी सांगनार न्हाई."

वारा जरा पडला, तसे ते उठले. "गेलं वादळ."

ती दारात आडवी उभी राहिली. "बाई म्हनत न्हाईत तवर न्हाई."

ते मुकाट्यानं बसले. थोड्याच वेळात वारा पुन्हा पिसाळला.

संध्याकाळी तिच्या घराकडं गेलो. पत्रे उसात जाऊन पडले होते. सासूची खाट असायची तिथं भिंत कोसळली होती. ती वाकून एकेक वीट बाजूला रचू लागली. मला बोलायला काही सुचलं नाही.

चुलतसासऱ्यांना मात्र सुचलं. "मी सूनबाईला आदल्या दिशीच म्हनलो हुतो, लई मोठं वादळ येनार," हे त्यांनी गावभर सांगितलं. आठवड्याभरात आपल्या गोठ्याचे पत्रे काढून तिच्या खोलीवर ठोकून दिले, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.