विहिरीवरची बाग

मास्तर आधी अंगठा मातीत खुपसायचा, मग बोलायचा. अंगठा बाहेर काढून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "खालनं येतंय की, आक्का. वरनं कशाला द्यायचं?"

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिंपी. राजारामपुरीत बायकांचे ब्लाउज शिवायचं त्याचं दुकान. माझ्या भिंतीला लागून त्यानं प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि मागच्या मोकळ्या जागेत बाग केली.

तुम्ही कोल्हापूरचा मे बघितला असेल. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. माझ्या तुळशीची काडी होते. मास्तरच्या मागच्या अंगणात मात्र लाल जास्वंद, शेंदरी अबोली, जांभळी बोगनवेल, खाली चिनी गुलाबाची गादी. दुकानातलं कातरण तो झाडांच्या बुडाशी पसरायचा. म्हणायचा, "ब्लाउजला अस्तर लागतंय, तसं मुळाला बी लागतंय." उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडून त्यानं वर सावलीही शिवली होती.

गिऱ्हाइकं घरी येऊन भांडायची. "मास्तर, लगीन परवावर आलं. ब्लाउज कुठं हाय?"

"उद्या देतो."

"झाडाची कातरणी रोज होतीया तुझी. आमच्या कापडालाच कात्री घावंना व्हय?"

तो हसायचा आणि तिच्या हातावर जास्वंद ठेवायचा. बाई निम्मी गार व्हायची.

मला ती बाग आवडली नाही. ती जमीन मला ठाऊक होती. तिथं पूर्वी ऊस होता आणि उसात विहीर. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या विहिरीचं पाणी भरलंय. पुढं प्लॉट पडले, तेव्हा प्लॉटवाल्यानं विहीर बुजवली. आमच्याकडं विहीर बुजवायची तर नारळ फोडतात आणि तळापासून दगड भरतात. ह्यानं नारळ तेवढा फोडला. दगडाला पैसे पडतात, उसाचं पाचट फुकट. ट्रॉल्या भरभरून पाचट ओतलं, वर मुरूम टाकला, रूळ फिरवला. माझी सासू म्हणाली होती, "पाचटानं भरलेली विहीर पोट भरल्याचं सोंग करतीया."

हे मी मास्तरला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं. तो खूश झाला.

"म्हणून फुलतंय व्हय. पाचट कुजून खत झालं, खाली पाणी हाय. अल्लानं ठिबक बसवून दिलंय, आक्का."

पण बागेचा मधला भाग खाली बसायला लागला. आधी ताटाएवढा, मग परातीएवढा. दर वर्षी तो माती आणून भरायचा. पुढच्या वर्षी खड्डा परत तयार. कपडे वाळत घालायचा खांब मधल्या बाजूला कलला. त्याची बायको, आम्ही तिला भाभी म्हणायचो, एकदा भिंतीशी येऊन हळूच म्हणाली, "आक्का, बादली ओतली की खाली गुळगुळ वाजतंय. ह्यांना ऐकू येत न्हाय."

मी पहार घेऊन गेले आणि मधोमध टेकवली. जोर लावावा लागला नाही. पहार आपली आपण मुठीपर्यंत आत गेली. वर काढली तर टोक काळं, ओलं, साखर कारखान्याच्या मळीसारखा वास.

"बघ मास्तर. खाली काय न्हाय."

त्यानं टोकाची माती बोटावर घेतली. "असली माती इकत घावत न्हाय," म्हणाला.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी मधला भाग गुडघाभर खाली गेला. जास्वंद आडवी झाली. मी म्हणाले, "आता दगड घाल."

"घालू. तुमचंच खरं. आधी झाडं काढतो. दगडाखाली मरतील."

"मरू देत."

"तुमची न्हाईत ती," तो म्हणाला. माझ्याशी तो तसा कधी बोलला नव्हता.

दुकानातली कापड बेतायची लांब फळी त्यानं आणली, खड्ड्यावर आडवी टाकली आणि तिच्यावर पालथा झोपला. मुळाभोवतीच्या मातीसकट एकेक रोप उचलायचा, कापडात गुंडाळायचा. काही भाभीच्या हातात, काही भिंतीवरनं माझ्या हातात. जास्वंद निघाली. अबोली निघाली. "मुळाला ऊन लागू देऊ नका, आक्का."

"मास्तर, पुरे. ये आता."

"बोगनवेल तेवढी."

बोगनवेलीचं मूळ खोल गेलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी ओढली. जमिनीचा आवाज झाला नाही. पिशवीचं तोंड सुटावं तशी ती उघडली. फळी, बोगनवेल, मास्तर, काही दिसेना. मग बऱ्याच खालून पाण्याचा आवाज आला. भाभी आणि मी, दोघी हातात रोपं धरून उभ्या.

आगीच्या बंबवाल्यांनी दुपारी त्याला वर काढलं, तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्यानंतर गल्लीनं वर्गणी काढून दगडाचे डंपर मागवले. अर्ध्या दिवसात विहीर भरली. एवढंच काम होतं.

भाभी मलकापूरला भावाकडं गेली. रोपं ने म्हटलं तर तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. जास्वंद माझ्याकडं जगली नाही. अबोली जगली. भर उन्हात फुलते. ती फुलं मी देवाला वाहत नाही, कुणाला माळायला देत नाही. खाली पडली की झाडून टाकते.