वाटीभर खोबरेलात चमचाभर

लग्नात मी माहेराहून जी बाटली आणली तिची सासरी बरीच थट्टा झाली. माझ्या वडिलांचे रावपुऱ्यात औषधांचे दुकान होते. लोकांच्या सुना दागिने आणतात, आमच्या सुनेने गवताचे तेल आणले, असे सासूबाई महिनाभर येईल त्याला सांगत होत्या. पुढे भाद्रपदात डास आले आणि बडबड आपोआप थांबली.

दुकानात त्या तेलाला सिट्रोनेला म्हणत. सिलोनहून डब्यांतून येई. रंग फिकट पिवळा, वास लिंबाच्या जवळचा पण जास्त उग्र. वाटीभर खोबरेलात चमचाभर मिसळून हातापायांना चोळले की तास-दीड तास डास फिरकत नसत. वास उडाला की पुन्हा हजर. लादी पुसायच्या पाण्यात चार थेंब टाकले तर मुंग्या वाट बदलत. कपड्यांच्या पेटीत मी त्याचा बोळा ठेवी, कापडाला लागू न देता. निव्वळ तेल मात्र अंगाला लावायचे नाही, कातडी भाजते. एवढे मला मुळाक्षरांच्या आधीपासून येत होते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, महाराजांच्या फौजेत शिलेदार होते. घोडी घरची, काठेवाडी, आणि घरातल्या माणसांपेक्षा तिची बडदास्त अधिक. दसऱ्याच्या स्वारीत ते दरवर्षी तिच्यावर बसून जात. त्या वर्षीची स्वारी त्यांची शेवटची होती. दिवाळीनंतर पेन्शन लागणार होते. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचे तर सासूबाईंमार्फत. याचा मामंजींना फार अभिमान. “सुनेचा आवाज कसा आहे, मला अजून ठाऊक नाही,” असे ते पाहुण्यांना सांगत, आणि मी दाराआड उभी राहून ऐकत असे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घोडीला माशांनी हैराण केले. पोटाशी चावे घेतलेले, अंग सारखे थरथरत होते. मामंजींनी माझी बाटली मागवली. मी सासूबाईंना प्रमाण सांगितले, त्यांनी ते अंगणात जाऊन जसेच्या तसे सांगितले.

मामंजी हसले. “पातळ करून लावायला ही काय बाळंतीण आहे? शिलेदाराची घोडी आहे. अस्सलच चोळ रे.”

घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने बाटली ओंजळीत उपडी केली आणि घोडीच्या छातीला, पोटाला, जिथे खोगिराचा तंग आवळतात तिथेही चोळून जिरवली. मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. मामंजी पाच पावलांवर. ‘मामंजी, नको’ एवढे दोनच शब्द पुरले असते. मी घाबरले, हे खरे. पण रागही होता, हेही तितकेच खरे. मुकी सून हवी होती ना, मग घ्या, असे मनात आले. मी आत जाऊन पोळ्या लाटल्या.

सकाळी मोतद्दार धावत ओसरीवर आला. “सरकार, घोडी तो दाझी गई!” घोडी भाजली होती. तंगाच्या जागी फोड आले होते, कातडी सोलली होती. हात लावला की घोडी मागे सरके. खोगीर चढवणे शक्यच नव्हते आणि दुसऱ्याचा घोडा मागून आणण्यातले मामंजी नव्हते.

त्यांनी तरीही पोशाख केला, मंदील बांधला, घोडीला झेंडूची माळ घालून तिची पूजा केली. लहरीपुऱ्याकडून स्वारीचे नगारे ऐकू येऊ लागले. ते तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मागे दारात मला रडू आले आणि स्वतःची लाज वाटली.

नगारे लांब गेल्यावर, मागे न वळता, त्यांनी विचारले, “तुला ठाऊक होतं?”

अंगणात दुसरे कोणी नव्हते. “होतं, मामंजी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला माझा आवाज ठाऊक नव्हता.”

घोडी महिन्याभरात बरी झाली, पण तंगाच्या जागी पांढरे केस उगवले आणि तसेच राहिले. नवा माणूस हटकून विचारी, हा पट्टा कशाचा? मामंजी मी समोर असले तरी उत्तर देत. म्हणत, “आमच्या घरच्या रीतीचा.”