झिरा आटला आहे

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आणि माझी शाळा वर पठारावर. इचोड्याहून वळसा घालून वर जाणारी बस आली तर आली. म्हणून शनिवारी दुपारी डोंगर उतरायचा आणि सोमवारी पहाटे चढायचा, असा ऐंशी सालानंतरची काही वर्षं माझा नेम होता. त्यामुळे कुणाला वर जायचं असलं की आधी मला विचारत. चहावाला तर दुरूनच ओरडायचा, "आला आपला रेडिओ. गुरुजी, वाट कशी हाय?"

मीही तोऱ्यात सांगायचो. उन्हाळ्यात त्या वाटेला सावली नसते. साग बोडका होतो, गळलेल्या पानांखाली गोटे दिसत नाहीत आणि पाय सटकतो. मोहफुलं वेचणारे झाडाखालचा पाचोळा जाळतात, ती जमीन चपलेतूनही पोळते. ऊन तापायच्या आत खिंड गाठलेली बरी. सगळी भिस्त मधल्या नाल्यातल्या झिऱ्यावर. झिरा म्हणजे वाळू उकरून केलेला हातभर खड्डा. पाणी प्यायलं की उरलेलं उपसून टाकायचं आणि वर पळसाची फांदी व दगड ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला ताजं पाणी मिळतं. झिरा आटला असं मी म्हटलं की म्हातारी माणसं बेत मोडायची.

माझी मोठी बहीण त्याच वरच्या गावात दिलेली. सासू अंथरुणाला खिळल्यामुळे दोन वर्षांत तिला माहेरी येता आलं नव्हतं. त्या चैत्रात माय म्हणाली, "तिले येता येत नाही, तं मीच जाईन. मले संगं ने. झिऱ्याले पाणी हाय ना?"

"आटला," मी म्हणालो.

पाणी होतं. मी त्याच दिवशी ते पिऊन आलो होतो. मायचे गुडघे दुखत हे खरं, पण मी त्यासाठी खोटं बोललो नाही. तिला घेऊन अंधारात निघायचं, प्रत्येक झाडाखाली बसायचं, दोन तासांच्या वाटेला सहा तास लावायचे, याचा मला कंटाळा आला होता. मायनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि शेवया पुन्हा डब्यात भरल्या. "मंग पाऊस पडल्यावर जाऊ," म्हणाली. माझ्या शब्दावर तिचा गावापेक्षा जास्त विश्वास होता. सोमवारी बहिणीलाही मी तेच सांगितलं.

सुट्टी लागली, वैशाख आला. मायला ऊन लागलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. बहिणीला आणायला मीच वर गेलो.

उतरताना ती माझ्यापुढे भराभर चालत होती. रडत नव्हती. नाल्यात थांबली, दगड उचलला, फांदी बाजूला केली. खाली पाणी होतं.

"तू तं आटला म्हणला होता," ती म्हणाली. "माय येईन म्हणून मी रोज खिंडीपावतर येऊन पाहो. तू सांगतलं तवापासून सोडलं."

"मंग पाझरला असन."

चैत्रात आटलेला झिरा वैशाखात पाझरत नाही, हे मला जसं ठाऊक होतं तसं तिलाही. साचलेलं पाणी तिनं ओंजळीनं उपसलं, नवं येईपर्यंत वाळूत बसून राहिली, माझी बाटली मागून घेऊन भरली. मग रीतीप्रमाणे झिरा झाकला. मला त्या वेळी तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी पोचलो तेव्हा बायका बाजूला सरल्या. बहिणीनं मायचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीतलं पाणी तिच्या ओठांवर सोडलं.

"पे माय, झिऱ्याचं हाय," ती हळूच म्हणाली. "आटला नोता तो."

मी दारातच उभा राहिलो.