कुंदाची पाच नावं

कुंदा जाऊन पाच आठवडे झाले, आणि तिला अजून क्रेडिट कार्डं मंजूर होतायत. तिचा फोन सध्या माझ्याकडे असतो. परवा सकाळी मी मटार सोलत बसले होते, तर तो वाजला. "मंदाकिनी मॅडम बोलतायत का? आपल्यासाठी लाइफटाइम फ्री कार्ड..." मंदाकिनी म्हणजे दादरचं साड्यांचं दुकान. दुपारी शकुंतला मॅडमना फोन आला. शकुंतला म्हणजे चष्मेवाला. मी मनात म्हटलं, कुंदे, अगं काय हा पसारा ठेवून गेलीस!

नीट सांगते. कुंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. गिरगावात एकाच चाळीत, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. लग्न करून मी दादरला आले, ती लग्नाच्या फंदात न पडता तिथेच राहिली. फोर्टातल्या एका विमा कचेरीत, रेकॉर्ड विभागात, तिने सगळी नोकरी काढली. लोकांचे आजार, वारस, भानगडी, सगळं त्या फायलींत आणि कपाटाची किल्ली हिच्या पर्समध्ये. साहेबांनी फाइल मागितली तरी ही विचारायची, "कशासाठी हवीय?" साहेब चिडायचे, पण कारण लिहून द्यायचे. निवृत्त झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आपली स्वतःची फाइल मात्र गावभर फिरतेय. कुठेही काही घ्या, बिलाआधी मोबाइल नंबर मागतात, आणि आठवड्याभरात कार्डवाल्यांचे फोन सुरू. मग तिने युक्ती काढली. बँकेत खरं नाव, तिथे खोटं लिहायचं नाही. बाकी प्रत्येक दुकानात निराळं. साड्यांकडे मंदाकिनी, चष्म्याकडे शकुंतला, चपलांकडे ललिता. फोनवर ज्या नावाने विचारतील, त्या दुकानातून नंबर फुटला! दुसऱ्या दिवशी ही तिथे हजर. पाच फुटांच्या आतली बाई, काउंटरपलीकडून नुसता अंबाडा दिसायचा, पण मालकाला घाम फुटायचा.

मी तिची थट्टा करायचे. "अगं, चाळीत जन्म काढला आपण. कुणाकडे काय शिजतंय ते जिन्यात कळायचं. आता कुठली आलीय तुझी प्रायव्हसी?" ती उसळायचीच. "चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून विचारायच्या. मी तोंडावर सांगायचे, नाही सांगत जा! इथे कुणाच्या तोंडावर सांगू?" डेटा संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा हिने फुलस्केप कागद आणले. लिहिलेलं मला वाचून दाखवायला दर रविवारी दादरला यायची. आधी विचारून माहिती घेणं आणि घेऊन झाल्यावर 'नको असेल तर कळवा' म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे ती थालीपिठाचा तुकडा नाचवत समजावायची. तिने लिहिलं होतं, मी कार्डाने औषधं घेतली तर कंपनीने बिल पाठवावं, माझ्या मधुमेहाची चौकशी करू नये. ज्या कामाला माहिती दिली त्याच कामाला वापरावी. नको म्हटलं की पुसून टाकावी. आणि शेवटी तिचं खास कलम... नुसता दंड पुरे नाही, ज्याने दुसऱ्याचं नाव परस्पर दिलं, त्यानेच दारोदार फिरून ते परत आणायचं. मी म्हटलं, "हे काही कायद्यात यायचं नाही." "न येऊ दे. लिहून तर ठेवते."

ते कलम ऐकून मी आणखी थालीपीठ आणायला उठले. कारण... आता सांगूनच टाकते. त्याच्या थोडं आधी परळच्या एका मॉलमध्ये कार्डवाल्यांचं टेबल लागलं होतं. पाच मैत्रिणींचे नंबर द्या, चाकांची बॅग फुकट. लालभडक, चकचकीत. मी भुलले हो. भराभरा पाच नंबर लिहिले, आणि कुंदाच्या नंबरापुढे हात आपसूक 'टिल्ली' लिहून गेला. शाळेत कवायतीच्या रांगेत ती सगळ्यांत पुढे, म्हणून मी ठेवलेलं नाव. दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिची नजर कपाटावर गेली. "छान आहे गं बॅग." "सेलमध्ये घेतली," मी म्हटलं. ती भजी खात राहिली. पुढे कितीतरी वर्षं त्यावर एक शब्द नाही, आणि तितकी वर्षं मी त्या कपाटाकडे पाठ करून बसत आले.

शेवटची भेट सोमवारची. तिने पिशवीतून एक कागद काढला. नव्या कायद्यात, आपल्यामागे आपल्या माहितीचं काय करायचं हे सांगायला माणूस नेमता येतो म्हणे. सगळं टप्प्याटप्प्याने लागू व्हायचंय, पण कुंदा थोडीच थांबणार! तिने साध्या कागदावर माझं नाव घालून ठेवलं होतं, खाली दुकानांची यादी. "मला कशाला?" मी म्हटलं, "भाचा आहे की तुझा." "निखिल न वाचता सगळं डिलीट करेल. तू एकेक वाचशील." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "टिल्ली नावाने फोन येतो गं मला. अधूनमधून." माझे कान तापले. तिनेच पुढे विचारलं, "बॅगेची चाकं तरी बरी आहेत का?" मी पुटपुटले, "एक तुटलं." बाई अशी हसली, अशी हसली, की उचकी लागली. मी पाणी दिलं. हसता हसता मी रडायला लागले, तर माझ्या पाठीवर धपाटा घालून म्हणाली, "पुरे! तू दिलंस ना? मग तूच परत आण. कलम लागू."

गुरुवारी तिच्याच नंबरवरून फोन आला. मी "बोल टिल्ले" म्हटलं आणि पलीकडे निखिल होता. चहा घेता घेता गेली, म्हणाला. मी किती रडले ते लिहीत नाही, पण मला फार एकटं वाटतंय एवढं लिहिते.

कागदाप्रमाणे, नाव-नंबर काढून टाका म्हणून एकेकाला मेल पाठवले, दोन दुकानांत स्वतः गेले. परवाच्या त्या दोन फोनांनंतर मंदाकिनी गेली, शकुंतला गेली. ललिता त्याआधीच गेली होती, वेळ लावून. बँकेने कुंदाचं खातं रीतसर बंद केलं. राहिली टिल्ली. तो मेल मी तीनदा लिहून तीनदा पुसला. काल दुपारी फोन वाजला. "टिल्ली मॅडम से बात हो सकती है?" कुणा मुलीचा कोवळा आवाज. हे नाव आता जगात ती मुलगी एकटीच घेत होती. मी म्हटलं, "नाम फिर से बोलो बेटा." "टिल्ली मॅडम." मी डोळे पुसले. मग म्हटलं, "ये नाम मैंने दिया था, उसको पूछे बिना. आता काढून टाका." "रिझन क्या डालूँ, मॅडम?" "लिहा, जिचं होतं तिने परत मागितलंय."

संध्याकाळी नाव काढल्याचा मेसेज आला. तिचा फोन मी त्या लाल बॅगेत ठेवला. तीन चाकांवर ती वाकडीच उभी राहते. "झालं गं टिल्ले," मी मोठ्याने म्हटलं, "आणलं परत." आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "कुणाशी बोलतेयस?"

मी म्हटलं, "कशासाठी हवंय?"