फोर्ट्रानची चिकूवाडी

आता तुम्हाला हसायचंच असेल, तर चहा आधी संपवा. नाहीतर ठसका लागेल!

साठच्या दशकातली गोष्ट. मुंबईत आमच्या संस्थेत खोलीभर मोठा कॉम्प्युटर आला होता आणि फोर्ट्रान भाषेत त्याला हुकूम सोडणाऱ्या मोजक्या शहाण्यांत मी एक! त्याच उन्हाळ्यात आमच्या गावी, समुद्रकाठच्या बोर्डीला, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभराची हौस म्हणून नवी जमीन घेतली आणि चिकूची कलमं आणली. दोरी घेऊन आखायला निघाले, तर मी आडवा!

"आप्पा, खड्डे कुठे खणायचे ते मशीन सांगेल."

"मशीनने चिकू पाहिलाय का कधी?"

"आकडा पाहिलाय ना! तिथे तीस म्हणजे तीस. ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही."

हिशेब सोपा. दर दोन रांगांमध्ये तीस फूट घ्यायचे, पाण्याच्या पाटासाठी त्यात एक मिळवायचा. प्रोग्रामची कार्डं भोकं पाडून पंच केली, मशीनला भरवली, मापं छापून बोर्डीला धाडली.

लावणीनंतर ऐटीत घरी गेलो. आप्पा बांधावर उभे.

"ये. ह्या टोकाला झाडं शेजारी आहेत, त्या टोकाला परगावची! मधून बैलगाडी वळते. आणि उरलेली कलमं काय डोक्यावर लावू?"

"तुमचे गडी चुकले!"

म्हटलं आणि स्वतः टेप धरली. एकतीस... बत्तीस... तेहेतीस... टेप बदलून पुन्हा मोजलं, तरी तेच हो!

मुंबईतला माझा सहकारी कार्डं बघून पोट धरून हसला. "अरे, मोजणीच्या सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रामच्या पोटातल्या छोट्या प्रोग्रामला, तू नुसता तीस दिलास. तिने त्यातच एक मिळवला. मशीनमधला तीसच एकतीस झाला! पुढच्या रांगेला तू तीस म्हणालास, तिने तोच एकतीस उचलला आणि वर आणखी एक!"

"पण तीस कसा बदलेल?"

"फोर्ट्रानमध्ये बदलतो."

प्रोग्राम चुटकीसरशी दुरुस्त झाला. चिकू कसा होणार? त्याने मूळ धरलं होतं. "लागलेलं झाड हलवायचं नाही," आप्पा एवढंच म्हणाले. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ऐका तर! काही वर्षांनी तलासरीचा एक शेतकरी वाडी बघायला आला.

"साहेब, अंतर वाढत वाढत जातंय. मशीनवर काढलंत म्हणे? काय शास्त्र आहे यात?"

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"वारा!" मी छातीठोकपणे म्हणालो. "समुद्राचा वारा आत खेळायला नको?"

पुढच्याच पावसाळ्यात तिकडे तलासरीला, समुद्रापासून इतक्या लांब, हुबेहूब तशीच वाडी उभी राहिली. त्या नव्या वाडीच्या पूजेला प्रमुख पाहुणा कोण? मीच! गळ्यात हार पडला, तशी माझी मान शरमेने खाली गेली.

मंडळी कौतुकाने म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, पण गर्व म्हणून नाही बघा!"