चष्मेवाल्या काकांचा कॉम्प्युटर

आमच्या दुकानात येणाऱ्यांचे मी दोन प्रकार केले आहेत. एक, ज्यांना सगळं कळतं. दुसरे, ज्यांना काहीच कळत नाही, पण फोनवर काहीबाही बघून आल्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. दोघांचाही मला सारखाच वैताग येतो. दुकान भावाचं आहे, तोंड माझं. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचे, कशाला काय चालतं ते सांगायचं, आणि न ऐकता भलतंच घेऊन गेलेला माणूस आठवड्याने परत आला की 'सांगितलं होतं' असं न म्हणता बदलून द्यायचं, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मला जमत नाही. मी म्हणतेच.

चष्मेवाले काका या दोन्ही प्रकारांत बसले नाहीत. साठी ओलांडलेली, अंगाने सुकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी घडी घातलेलं मऊ फडकं. चार गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान आहे, तिथे पडद्यामागे बसून ते चाळीस वर्षं काचा घासत आलेत. पुढे बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं ते मालकाने. काकांनी आत पाणी ठिबकणाऱ्या चाकावर काच धरायची, फ्रेमच्या मापाची करायची, बसवायची, पुसायची आणि पडद्याखालून पुढे सरकवायची. दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली आठ काचेशी.

एका बुधवारी ते काउंटरपाशी उभे राहिले. पुढचे तिघे जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "ताई, मला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचाय. कशाला कुठला भाग चालतो, ते सांगाल का?"

"नातवासाठी का?"

"नाही. मला."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तयार मिळतो की काका. कशाला डोक्याला ताप?"

"तयार चष्मा डोळ्याला लावतं का कोणी?"

असं तोडीस तोड कोणी बोललं की मला राग येतो. मग मी तोफखाना सुरू केला. प्रोसेसर हा मेंदू, पण तो कुठल्याही मदरबोर्डावर बसत नाही. बोर्डाची बैठक त्याच घराण्याची लागते. मेमरीच्या पट्ट्या पिढीप्रमाणे बदलतात, खाच दोन केसांनी इकडेतिकडे असते, जोर लावला तर पट्टीही गेली आणि बोर्डही. गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं, ते अधाशी असतं, त्याला पोटभर वीज देणारा पॉवर सप्लाय हवा. आणि हे सगळं ज्या पेटीत राहणार ते कॅबिनेट. "यातला एक चुकला," मी म्हटलं, "की बाकीचे बसले बोंबलत."

काकांनी खिशातून एक कार्ड काढलं. चष्म्याचा नंबर लिहायचं, त्यांच्या दुकानातलं, उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोन रकाने छापलेलं. उजव्याखाली त्यांनी प्रोसेसरचं नाव लिहिलं, डाव्याखाली बोर्डाचं, आणि विचारलं, "या दोघांचं जमतं ना? उजव्याडाव्याचं जमलं नाही तर माणसाला चक्कर येते."

नंतर ते दर बुधवारी यायला लागले, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. दर वेळी नवं कार्ड, दोन रकाने, एक जोडी. बोर्ड आणि मेमरी. ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय. एकदा त्यांची नजर एका पॉवर सप्लायवर गेली, निळे दिवे, चकचकीत जाळी. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मी म्हटलं. त्यांनी तो खाली ठेवला आणि परत त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऐकणारं गिऱ्हाईक मी फार दिवसांनी बघत होते. मी त्यांची वाट बघायला लागले होते, पण हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

पाचव्या बुधवारी गंमत झाली. ग्राफिक्स कार्ड त्यांनी निवडलं, कॅबिनेट मी सुचवलं. "बसेल," मी म्हटलं, "डब्यावर छापलंय, तीनशे वीस मिलीमीटरपर्यंत चालतं. तुमचं कार्ड तीनशे तीन."

"मोजू का?"

"काका, छापलंय."

"कागदावरचा नंबर जुना असतो, डोळा आजचा असतो," असं म्हणून त्यांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली, नमुन्याला ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये हात घातला आणि मला आकडा वाचायला लावला. पुढच्या बाजूला पंखा होता. पंख्याची जाडी छापणाऱ्याने धरलीच नव्हती. उरलेली जागा दोनशे पंच्याण्णव. हे म्हणजे गुरूची विद्या गुरूलाच! मी वाट बघत होते, की आता हा माणूस 'सांगितलं होतं' म्हणेल. ते म्हणाले, "दुसरं दाखवा, जरा ऐसपैस."

त्या दिवशी मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. माझ्याकडून चहा मिळालेलं ते पहिलं गिऱ्हाईक. आणि चहा पिताना, मी न विचारता, त्यांनी सांगितलं.

मुलगा एकुलता एक, पाच वर्षं दुसऱ्या शहरात. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा वाईट नाही. दर रविवारी सकाळी न चुकता फोन येतो. जेवण वेळेवर करता ना, गोळ्या संपल्या नाहीत ना, तब्येत बरी ना. सगळ्याला हो म्हटलं की फोन संपतो. "दोन मिनिटं आणि वर काही सेकंद," काका म्हणाले. "फोनच दाखवतो शेवटी."

एका शनिवारी संध्याकाळी त्यांना करमेना, म्हणून त्यांनीच फोन केला. मुलगा म्हणाला, बाबा, उद्या बोलतो, गेम चालू आहे, सगळे थांबलेत. आणि घाईत फोन बंद करायला विसरला.

"मी अकरा मिनिटं ऐकलं," काका म्हणाले. "मुलगा धरून तिघं मित्र होते. गेम चालू असतानाच गप्पा मारतात. काय बडबडतो! कसला हसतो! तो असा हसतो हे मला ठाऊकच नव्हतं, ताई. मग चोरून ऐकतोय असं वाटायला लागलं, म्हणून मीच ठेवला."

त्यांनी चौकशी केली होती. चौघांची टोळी लागते, हे तिघंच असतात, चौथी जागा जो मागेल त्याला मिळते. गेमचं नाव, मुलाचं त्यातलं टोपणनाव, सगळं कार्डावर लिहिलेलं होतं.

"मग त्यालाच विचारायचं ना, कुठले भाग घेऊ म्हणून."

"विचारलं. म्हणाला, तुम्हाला कशाला ती कटकट, आराम करा." त्यांनी कप खाली ठेवला. "मला फक्त तिथे जाऊन बसायचंय. शनिवारी."

सगळे भाग घेऊन ते गेले आणि दोन आठवडे फिरकले नाहीत. मग एका सोमवारी दुकानाचा फोन वाजला. "ताई, भागांचं पटत नाहीये एकमेकांशी." कॉम्प्युटर सुरू होत होता, सगळं नीट दिसत होतं, पण गेम लावला की दहा मिनिटांत पटकन बंद. माझा तोंडपाठ जबाब असतो: दुकानात घेऊन या. तो ओठांवर आला होता. पण ती पेटी कवटाळून जिना उतरणारा तो माणूस मला दिसायला लागला आणि मी म्हटलं, "मीच येते." भावाने हिशेबातून मान वर काढून माझ्याकडे बघितलं. मी कोणाच्या घरी जात नाही.

तिसरा मजला, दोन खोल्या. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर. चार खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर उशी, बाकीच्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक भांडं उपडं घातलेलं. बायकोचा चष्मा कपाटाच्या काचेमागे, इतका लख्ख, की आत्ताच कोणी काढून ठेवलाय असं वाटावं. मला तिकडे फार वेळ बघवेना. म्हणून मी लगेच पेटी उघडली.

दुकानातल्या चौदा वर्षांत इतकी सुंदर जोडणी मी पाहिली नाही. वायरी दोऱ्याने बांधलेल्या, दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे सारखं. एकही स्क्रू वाकडा नाही. भागांत दोष नव्हता, बसवण्यात नव्हता. मग मी प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा कूलर काढला, त्याला उलटा केला, आणि त्याच्या तळात मला माझंच नाक दिसलं.

"काका, याच्या तळाला राखाडी लेप होता ना?"

"डाग होता. पुसला." ते जरा अभिमानानेच म्हणाले. "चिवट होता, दोनदा पुसावा लागला."

मी कपाळावर हात मारला. आणि मग मला हसू फुटलं ते आवरेना. तो लेप कारखान्यातून लावून येतो. प्रोसेसर तापतो, त्याची उष्णता कूलरपर्यंत पोचवायची ती त्या लेपाने. नाहीतर मेंदू तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. शेकडो लोकांना मी कॉम्प्युटरचे भाग विकलेत. त्यांनी पट्ट्या उलट्या घुसवल्यात, पिना वाकवल्यात, पण लेप पुसून आरसा करणारा हा एकच.

"चाळीस वर्षांत डाग ठेवून काही हातावेगळं केलं नाही मी," ते हळूच म्हणाले, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. "परवा त्याचा आवाज आला होता, ताई. म्हणाला, चौथा कोण आहे, ये रे खाली. मी बटण शोधतोय तोवर पडदा काळा. त्यांना वाटलं असेल, पळाला."

मी सोबत आणलेल्या नळीतून मटाराएवढा लेप टाकला. कूलर दाबल्यावर कडेने जरासा बाहेर आला, तर काकांचा हात आपोआप खिशातल्या फडक्याकडे गेला. "खबरदार," मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. नंतर तासभर आम्ही कॉम्प्युटरला जड काम लावून बघत बसलो. बंद पडला नाही. मला निघायची घाई नव्हती. माझीही घरी कोणी वाट बघत नसतं, पण ते मी कोणाला सांगत नाही. जाताना त्यांनी विचारलं, "म्हणजे भाग जुळत होते?"

"सगळे जुळत होते, काका."

त्यानंतर तीन बुधवार गेले आणि चौथ्याला ते आले. चेहऱ्यावर रंग आला होता. हेडफोन हवा होता. आवाज मोठा होतो म्हणून शेजारचे भिंत ठोकत होते.

"भेटला का?" मी विचारलं. मला धीर धरवत नव्हता.

"भेटला तर! पहिल्याच शनिवारी विचारलं त्याने, नवीन आहेस का? एक बटण दाबलं की गेममधला आपला माणूस मान हलवतो, ते मी दाबलं. मग तासभर शिकवलं मला. कुठे दडायचं, कधी पळायचं, कुठल्या दारातून आत जायचं नाही. मी पाच वेळा मेलो. पाचही वेळा परत आला मला उचलायला. मित्र म्हणत होते, सोड रे त्याला. तर म्हणाला, थांबा, शिकतोय बिचारा." काका हसले. "मला म्हणाला, लाजू नकोस रे, मीपण सुरुवातीला असाच मरायचो. साहेबाशी त्याचं भांडण झालंय. घर बदलायचंय त्याला. एक मुलगी आवडते, तिला विचारायचं धाडस होत नाहीये. सगळं सांगतो खेळता खेळता."

"आणि मग? तुम्ही सांगितलंत ना, कोण आहात ते?"

ते काउंटरवरच्या हेडफोनांकडे बघायला लागले. मी चांगल्यातला चांगला काढून पुढे ठेवला, तोंडासमोर माईकची दांडी असलेला. "हा घ्या. यातून बोलता येतं. या शनिवारी बोला."

त्यांनी तो उचलून बघितला, दांडीवर अंगठा फिरवला आणि अलगद बाजूला सरकवला. "नुसता ऐकू येणारा नाही का?"

आता मात्र माझा पारा चढला. "काका, एवढा सगळा खटाटोप केलात तो कशासाठी? पोटच्या पोराला ओळख सांगायची लाज वाटते का? तो काय खाणार आहे तुम्हाला?"

"त्याची आई बोलायची त्याच्याशी, तासन्‌तास," ते म्हणाले. "मी शेजारी बसायचो. तेव्हाही काही बोलायचो नाही." मग काउंटरच्या काचेवरून हात फिरवत, "सांगितलं तर तो आदराने वागायला लागेल, ताई."

माईकवाला मी परत डब्यात ठेवला. नुसता ऐकायचा हेडफोन मागच्या फळीवर होता. मी तो काढून दिला.